प्रवाळ मत्स्यालयातील लहान आगंतुक शंखजीव : ओळखीची शास्त्रीय पद्धती व तिचे महत्त्व

गोषवारा

खाऱ्या पाण्याच्या प्रवाळ मत्स्यालयात पाळणाऱ्याने न आणलेले अनेक लहान शंखजीव खडकांबरोबर व प्रवाळांबरोबर येऊन वास्तव्य करतात. त्यांपैकी बहुसंख्य निरुपद्रवी, किंबहुना उपकारक असतात. मात्र काही थोडे परजीवी वा प्रवाळभक्षक असतात. आकार व रंग यांवरून केलेली घाईची ओळख दोन्ही बाजूंनी हानिकारक ठरते : उपयुक्त जीव मारले जातात आणि घातक जीव दुर्लक्षित राहतात. कवचाची रचना, मुखावरील झाकण, मृदू शरीराची लक्षणे, आढळण्याची जागा व वेळ, अन्नग्रहणाची रीत यांच्या एकत्रित निरीक्षणातून विश्वासार्ह ओळख कशी करता येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : प्रवाळ मत्स्यालय, उदरपाद, परजीवी शंखजीव, पिरॅमिडेलिडी, व्हर्मेटिडी, ओळख-किल्ली.

१. प्रस्तावना

मृदुकाय संघातील उदरपाद हा वर्ग जातींच्या संख्येने सर्वांत मोठा. जमिनीवरील गोगलगाय, गोड्या पाण्यातील शंख, समुद्रातील कवडी हे सारे याच वर्गाचे सदस्य होत. समुद्री उदरपादांचा विचार करताना आपल्या डोळ्यांसमोर मोठे, देखणे शंख येतात. प्रत्यक्षात या वर्गाची फार मोठी संख्या काही मिलिमीटर लांबीच्या, सहज नजरेतून सुटणाऱ्या जातींची आहे. प्रवाळभित्तीच्या फटींत, शैवलांच्या आवरणात आणि इतर प्राण्यांच्या अंगावर त्या जगतात. समुद्रकिनारी फिरणाऱ्याला त्या क्वचितच दिसतात. परंतु काचेच्या पेटीत प्रवाळभित्तीचा तुकडा जगवू पाहणाऱ्याला त्यांची भेट हमखास घडते.

ही भेट अनेकदा चिंतेची ठरते. एके रात्री काचेवर पांढरे, तांदळाच्या दाण्याएवढे ठिपके सरकताना दिसतात आणि मत्स्यालय सांभाळणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो "हे काय आहे?" हा नव्हे, तर "हे कसे नष्ट करावे?" हा. प्रस्तुत लेखाची भूमिका अशी की, पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय दुसरा प्रश्न विचारणेच अशास्त्रीय आहे. प्राणिशास्त्राच्या पदवी वर्गात विद्यार्थी संघ, वर्ग व कुल यांची लक्षणे पाठ करतात. त्या लक्षणांचा जिवंत प्राण्यावर उपयोग करण्याची संधी मात्र त्यांना थोडी मिळते. आगंतुक शंखजीवांची ओळख हा वर्गीकरणशास्त्राचा असा छोटासा परंतु परिपूर्ण पाठ आहे.

२. आगंतुकांचे आगमन

प्रवाळ मत्स्यालयाचा पाया म्हणजे ज्याला हौशी मंडळी 'लाइव्ह रॉक' म्हणतात तो सजीव खडक. हा खडक स्वतः सजीव नसतो. मृत प्रवाळांचे चुनखडीयुक्त सांगाडे जिवाणू, शैवले, स्पंज, कृमी व लहान कवचधारी प्राणी यांनी व्यापले की त्यांस हे नाव प्राप्त होते. इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात असे खडक आणि नैसर्गिक समुद्रजल यांच्या साहाय्याने मत्स्यालय राखण्याची पद्धत मांडली. पुढे जर्मनीतील अभ्यासकांनी तिच्याशी नाते सांगणारी, 'बर्लिन पद्धती' म्हणून परिचित झालेली व्यवस्था विकसित केली. खडकाच्या सच्छिद्र अंतर्भागातील जिवाणू पाण्यातील नत्रयुक्त टाकाऊ द्रव्यांचे विघटन करतात, हे या पद्धतीचे मर्म होय.

जिवाणूंसाठी आणलेल्या खडकाबरोबर त्यावरील सारी वस्ती येते. शंखजीवांच्या प्रवेशाचे मार्ग मुख्यतः तीन आहेत. पहिला, खडकाच्या छिद्रांत दडलेले प्रौढ जीव. दुसरा, प्रवाळांच्या वसाहतींच्या बुडाशी वा महाशिंपल्यांच्या कवचावर असलेले जीव. तिसरा आणि सर्वाधिक दुर्लक्षित मार्ग म्हणजे अंडी. जेलीसारख्या पारदर्शक पुंजक्यात असलेली अंडी खरेदीच्या वेळी नजरेस येत नाहीत आणि काही आठवड्यांनी 'आपोआप' शंख उत्पन्न झाल्याचा भास होतो.

हल्ली अनेक जण कोरड्या वा कृत्रिम खडकावर मत्स्यालय उभारतात. त्यामुळे आगंतुकांची संख्या घटते, परंतु प्रश्न संपत नाही. कारण प्रवाळांचे तुकडे एका पेटीतून दुसऱ्या पेटीत जातात आणि त्यांच्याबरोबर शंखजीवही प्रवास करतात.

३. निरीक्षणाची पद्धती

या कामासाठी महागड्या उपकरणांची आवश्यकता नाही. दहापट वर्धनाचे हातभिंग, मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी, पांढरी बशी, मऊ चिमटा आणि लाल कागदाने झाकलेला विजेचा दिवा एवढे पुरते. महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील विच्छेदन सूक्ष्मदर्शक उपलब्ध असल्यास उत्तमच.

निरीक्षणाचा क्रम महत्त्वाचा आहे. जीव बाहेर काढण्यापूर्वी तो कोठे, केव्हा व कशावर आढळला याची नोंद करावी. एकदा बशीत आला की ही माहिती कायमची नाहीशी होते, आणि ओळखीत तिचेच वजन पुष्कळदा सर्वांत अधिक असते. दिवे मालवल्यानंतर दोन-तीन तासांनी लाल प्रकाशात पाहणी करावी. कारण परजीवी व भक्षक जातींपैकी पुष्कळ निशाचर आहेत. त्यानंतर जीव त्याच पेटीतील पाण्यात बशीत ठेवून स्वस्थ राहू द्यावा. काही मिनिटांत तो कवचाबाहेर येतो आणि संस्पर्शक, डोळे, पाऊल व झाकण यांचे दर्शन होते. रिकामे कवच पाहून केलेली ओळख ही अर्धी ओळख होय.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. शंकूच्या आकाराचे, अरुंद लांबट मुख असलेले शंख उघड्या हाताने उचलू नयेत. कोनस प्रजातीतील शंखजीव विषारी दंश करतात आणि त्यांच्या मोठ्या जातींपैकी काहींचा दंश मनुष्यास प्राणघातक ठरला आहे. मत्स्यालयात ते विरळाच येतात. तथापि चिमट्याचा वापर ही सवयच असावी.

४. कवचातून काय कळते?

कवचाच्या वर्णनात चार बाबी पाहाव्यात : सर्वसाधारण आकार, वेढ्यांची संख्या व नक्षी, मुखाची ठेवण आणि झाकण. मुखाच्या खालच्या टोकाला खाच वा पन्हळीसारखी नलिका असल्यास तिच्यातून निनाल, म्हणजे पाणी आत घेणारी मांसल नळी, बाहेर येते. पाण्यातील गंधाचा माग घेण्यास निनाल उपयोगी पडतो. म्हणून एक ढोबळ नियम रूढ झाला आहे : खाच असलेला शंखजीव मांसाहारी, गोल व अखंड मुखाचा शंखजीव शाकाहारी.

हा नियम आरंभबिंदू म्हणून ठीक आहे, निर्णय म्हणून नाही. सेरिथियम प्रजातीच्या कवचास स्पष्ट खाच असूनही ते शैवले व कुजका सेंद्रिय गाळ खातात. स्ट्रॉम्बस गटातील शंखांचीही तीच गोष्ट. उलट पिरॅमिडेलिड, हेलियॅकस व एपिटोनियम या तिघांचीही मुखे निनाल-खाच नसलेली असतात. परंतु पहिला परजीवी, तर उरलेले दोघे प्रवाळवर्गीय प्राण्यांचे भक्षक आहेत. म्हणजे मत्स्यालयाच्या दृष्टीने ज्या आगंतुकांपासून खरा धोका, नेमके तेच या नियमातून निसटतात. एकाच लक्षणावर विसंबण्यातील दोष याहून स्पष्टपणे दाखविता येणार नाही.

झाकण हे त्यामानाने अधिक भरवशाचे लक्षण होय. काही कुलांत ते पातळ, तपकिरी व शिंगासारख्या द्रव्याचे असते, तर काहींत जाड, पांढरे व चुनखडीचे. जीव आत ओढला गेल्यावर दाराला घट्ट बसणारा पांढरा गोल 'बटणासारखा' भाग दिसला, तर शक्यतांची यादी एकदम लहान होते.

मृदू शरीरातही मोलाचे पुरावे असतात. ट्रोकस व टर्बो यांच्या नातलगांत पावलाच्या दोन्ही कडांना बारीक संस्पर्शकांची रांग असते. पिरॅमिडेलिडांचे संस्पर्शक मात्र रुंद, त्रिकोणी, कानाच्या पाळीसारखे दुमडलेले असतात आणि डोळे त्यांच्या बुडाशी, आतल्या बाजूस, एकमेकांजवळ असतात.

५. पिरॅमिडेलिड : चर्चेतील परजीवी

पिरॅमिडेलिडी कुलात जगभर हजारो जाती आहेत. मत्स्यालयात येणाऱ्या जाती पांढऱ्या, उंच शंक्वाकृती व बहुधा एक ते काही मिलिमीटर लांबीच्या असतात. बहुतेक शंखजीवांच्या मुखात रॅड्युला नावाची, किसणीसारखी दातांची पट्टी असते. पिरॅमिडेलिडांत ती नसते. तिच्या जागी लांब सोंड असून तिच्या टोकाशी सुईसारखे तीक्ष्ण अंग असते. पोषक प्राण्याच्या मांसल कडेत ते खुपसून हा जीव शरीरद्रव शोषून घेतो.

महाशिंपले, म्हणजे ट्रायडॅक्ना प्रजातीचे शिंपले, हे त्यांचे सर्वपरिचित पोषक होत. रात्री हे परजीवी शिंपल्याच्या प्रावाराच्या कडेशी रांगेने बसलेले दिसतात आणि दिवसा कवचाच्या खवल्यांखाली किंवा बुडाशी, शिंपला जेथून खडकाला धाग्यांनी धरून राहतो त्या छिद्राजवळ दडतात. ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिक प्रदेशात महाशिंपल्यांचे संवर्धन सुरू झाल्यावर टर्बोनिला प्रजातीतील तसेच टॅथ्रेला आयरेडेलाय ही जाती तेथील उपद्रवी म्हणून नोंदली गेली. मोठा शिंपला थोडे परजीवी सोसतो. लहान शिंपल्याची वाढ खुंटते व पुढे तो दगावतोही. काही जाती टर्बो व ट्रोकस यांसारख्या शंखांवरही उपजीविका करतात.

या कुलाचे महत्त्व मत्स्यालयापुरते नाही. अमेरिकेच्या किनाऱ्यावरील बूनिया इम्प्रेसा ही जाती कालवांवर जगते, आणि पर्किन्सस मरायनस या कालवांच्या घातक रोगकारकाचा प्रसार तिच्याद्वारे होऊ शकतो, हे १९८० च्या दशकात प्रयोगांनी दाखविले गेले. कालवे आणि तिसऱ्या ज्या किनाऱ्याच्या अन्नात व अर्थकारणात आहेत, त्या कोकणातील विद्यार्थ्यांना हे कुल परके वाटू नये.

मात्र पांढरा व लांबट दिसणारा प्रत्येक लहान शंख पिरॅमिडेलिड नव्हे. रिसॉइड गटातील लहान शंख व सेरिथियमची पिल्ले यांचे त्याच्याशी दाट साम्य असते आणि ती निरुपद्रवी असतात. भेद ठरविण्यास तीन कसोट्या लावाव्यात. पहिली जागेची : जीव पुन्हा पुन्हा शिंपल्यावर वा दुसऱ्या शंखावर आढळतो, की काचेवर व खडकावर सर्वत्र विखुरलेला असतो? दुसरी अन्नाची : शैवलाचा पातळ थर असलेल्या काचेच्या लहान भांड्यात त्याला एक-दोन दिवस ठेवावे. रॅड्युला असलेला जीव मागे चरल्याची नागमोडी रेघ ठेवतो. पिरॅमिडेलिड ती ठेवू शकत नाही. तिसरी कसोटी सूक्ष्मदर्शकाखालची : पिरॅमिडेलिडाच्या कवचाच्या अगदी टोकावरील डिंभावस्थेतील कवच नंतरच्या वेढ्यांशी विसंगत दिशेने वळलेले, जणू आडवे बसविलेले दिसते. तीनही कसोट्या एकाच उत्तराकडे निर्देश करीत असतील तरच निर्णय घ्यावा.

६. उपकारक आगंतुक

मत्स्यालयात अचानक वाढलेल्या शंखजीवांची संख्या पाहून होणारी भीती बहुतेक वेळा पुढील जातींबाबत असते आणि ती अनाठायी असते.

(अ) कोलोनिस्टा : वाटाण्याहून लहान, गोलसर, तपकिरी-तांबूस ठिपक्यांचे हे शंख फार तर पाच-सहा मिलिमीटर वाढतात. झाकण गोल, पांढरे व चुनखडीचे असते. पुष्कळांना ती टर्बो शंखाची पिल्ले वाटतात. टर्बोचे डिंभ पाण्यात तरंगत वाढतात आणि पंप व गाळणी यांच्या कचाट्यातून ते वाचणे दुर्मीळ असते. कोलोनिस्टा मात्र पेटीतच सहज वंशवृद्धी करतो. म्हणून अनेक महिने निरीक्षण करूनही जो 'पिल्लू'च राहतो, तो वस्तुतः प्रौढ कोलोनिस्टा असण्याची शक्यता अधिक. दिवसा लपून राहून रात्री तो शैवले खातो.

(आ) स्टोमाटेला : कानाच्या आकाराचे चपटे कवच आणि त्यात न मावणारे मोठे शरीर, हे याचे वैशिष्ट्य. प्रथमदर्शनी तो कवचहीन गोगलगायीसारखा भासतो. शंखजीवाच्या मानाने हा चांगलाच चपळ असतो. पकडले असता पालीने शेपूट टाकावे तसा पावलाचा मागील भाग तोडून तो निसटतो. खडकाच्या माथ्यावर चढून धुरासारखे प्रजननद्रव्य पाण्यात सोडतानाही तो दिसतो. काचेवरील शैवलांवर जगणारा हा जीव पूर्णतः निरुपद्रवी आहे.

(इ) सेरिथ व युप्लिका : सेरिथची कवचे लांबट, खडबडीत व बुडाशी खाच असलेली असतात. काचेवर पांढऱ्या दोऱ्याची नागमोडी नक्षी काढावी तशी त्यांची अंडी दिसतात. युप्लिका हे कबुतरी शंखांच्या कुलातील असून मांसाहारी गटात मोडणाऱ्या कुलात जन्मूनही मत्स्यालयात ते शैवले चरतात.

या जीवांची संख्या अन्नाच्या प्रमाणात राहते. ती भरमसाट वाढली तर तो शंखजीवांचा दोष नसून पेटीत अन्न व पोषक द्रव्ये अतिरिक्त झाल्याचे चिन्ह होय. त्या अर्थाने ते पाण्याच्या स्थितीचे साक्षीदार ठरतात.

७. प्रवाळवर्गीय प्राण्यांचे भक्षक

हेलियॅकस ही सूर्यघड्याळ-शंखांच्या कुलातील प्रजाती. कवच बसके, गोल, पांढऱ्या व गडद तपकिरी चौकटींच्या माळांनी सजलेले आणि साधारण एक सेंटिमीटरपर्यंत रुंद. झाकण मात्र अजोड : ते सपाट नसून शंकूसारखे, अनेक वेढ्यांचे असते. हा सुबक शंख झोअँथस या पुष्पसदृश प्राण्यांच्या वसाहतीत राहून त्यांनाच खातो. वसाहतीतील काही प्राणी कारणाविना मिटलेले वा विरघळलेले दिसले, तर त्यांच्या बुडाशी हा शोधावा. सौंदर्यामुळे तो हेतुतः जपला जातो, हे त्याच्याबाबतीतले विशेष. त्याच्या डिंभकवचाचे वळणही पिरॅमिडेलिडांप्रमाणे विसंगत असते; दोन्ही कुले उदरपादांच्या एकाच मोठ्या शाखेत गणली जातात.

एपिटोनिडी कुलातील जिना-शंखांपैकी पिवळ्या रंगाची एक जाती ट्युबॅस्ट्रिया या सूर्यप्रवाळावर जगते. प्रवाळ पिवळा, शंख पिवळा आणि अंड्यांचे पुंजकेही पिवळे. त्यामुळे डोळ्यांदेखत असूनही ती दिसत नाही.

ड्रुपेला व कोरॅलिओफिला हे मुरेक्स कुलातील जाड कवचाचे, खाच असलेले शंख. ड्रुपेला प्रवाळाची ऊती खरवडून मागे पांढरा सांगाडा ठेवतो. १९८० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियातील निंगालू प्रवाळभित्तीवर ड्रुपेला कॉर्नस या जातीचा उद्रेक होऊन प्रवाळांची मोठी हानी झाली. पेटीतील एक-दोन शंखांचा उपद्रव आणि समुद्रातील उद्रेक यांत केवळ प्रमाणाचा फरक आहे.

८. चिकटून राहणारे शंखजीव आणि त्यांचे तोतये

व्हर्मेटिडी कुलातील जीव शंखजीव आहेत हे सांगूनही पटत नाही. त्यांचे पिल्लू सामान्य वेटोळ्या शंखासारखे सरपटते. योग्य जागा मिळताच कवच खडकाला चिकटवून टाकते आणि त्यापुढे कवच नळीसारखे वेडेवाकडे वाढते. हा जीव श्लेष्माचे धागे वा जाळे पाण्यात पसरून त्यात अडकलेले अन्नकण जाळ्यासकट गिळतो. ही जाळी शेजारच्या प्रवाळावर पडून त्याला सतत त्रास देते. फ्रेंच पॉलिनेशियातील मूरिया बेटाच्या प्रवाळभित्तीवर केलेला आणि २०१० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या दृष्टीने उल्लेखनीय आहे. या जीवांच्या सान्निध्यात प्रवाळांच्या सांगाड्याची वाढ ८१ टक्क्यांपर्यंत आणि त्यांचे जगण्याचे प्रमाण ५२ टक्क्यांपर्यंत घटल्याचे त्यात आढळले.

नळी पाहून मात्र फसगत होऊ शकते. कारण नलिका-कृमीही अशाच नळ्यांत राहतात. त्यांच्या नळीच्या तोंडातून पिसांचा मुकुट बाहेर येतो, तर व्हर्मेटिडाचे केवळ धागे दिसतात. पाण्यात थोडे अन्न सोडून पाच मिनिटे निरखल्यास शंका फिटते. काचेवर व पंपावर दिसणारी, एक-दोन मिलिमीटरची, पांढरी सपाट वेटोळी ही तर शंखजीवच नव्हेत; ते स्पायरॉर्बिड कृमी असून निरुपद्रवी गाळणखाऊ आहेत. सरकत नाही तो शंखजीव नसावा, ही प्राथमिक शंका येथे उपयोगी पडते आणि व्हर्मेटिड हा तिचा अपवाद ठरतो.

९. ओळख-किल्ली

वरील लक्षणे पुढीलप्रमाणे क्रमाने तपासावीत.

१. कवच पृष्ठभागास कायमचे चिकटलेले — पाहा २. जीव सरपटणारा — पाहा ३.
२. मुखातून पिसांचा मुकुट — कृमी. मुखातून श्लेष्माचे धागे — व्हर्मेटिड.
३. कवच कानासारखे चपटे, शरीर त्याहून मोठे — स्टोमाटेला. शरीर कवचात पूर्ण मावते — पाहा ४.
४. झाकण जाड, गोल, पांढरे, चुनखडीचे — कोलोनिस्टा वा टर्बोचे नातलग. झाकण अन्य प्रकारचे — पाहा ५.
५. कवच बसके, चौकटींची नक्षी, झाकण शंकूसारखे — हेलियॅकस. तसे नाही — पाहा ६.
६. मुखाच्या बुडाशी खाच वा नलिका आहे — पाहा ७. नाही — पाहा ८.
७. कवच लांबट, काचेवर, खडकावर व वाळूत चरताना आढळतो — सेरिथ वा तत्सम. कवच जाड, जिवंत प्रवाळावर आढळतो व जवळ पांढरे व्रण — ड्रुपेला वा त्याचे नातलग.
८. कवचावर उभ्या ठळक कडा, प्रवाळावर वास्तव्य — एपिटोनियम. शिंपला वा शंखावर वास्तव्य, शैवल चरत नाही, डिंभकवच विसंगत — पिरॅमिडेलिड. खडकावर विखुरलेला, शैवल चरतो — रिसॉइड व तत्सम निरुपद्रवी शंख.

ही किल्ली नेहमी भेटणाऱ्या गटांपुरती आहे. हिच्यात न बसणारा जीव वेगळ्या भांड्यात ठेवून निरीक्षण चालू ठेवणे हाच योग्य मार्ग होय. कुलापर्यंतची ओळख व्यवहारास पुरेशी असते. जातीपर्यंतच्या ओळखीसाठी रॅड्युला, शरीररचना व जनुकीय पुरावा यांची गरज पडते.

१०. उपाय आणि दायित्व

ओळख निश्चित झाल्यानंतरच उपायांचा विचार करावा. पिरॅमिडेलिड आढळल्यास शिंपला बाहेर काढून पेटीतील पाण्यातच मऊ ब्रशने कवच हलकेच घासावे, जेलीसारखी अंडी पुसून काढावीत व ही क्रिया काही आठवडे पुन्हा पुन्हा करावी. कारण एकदा घासल्याने सारी अंडी निघत नाहीत. शिंपला खडकावरून ओढून काढू नये, त्याचे धागे ज्या ऊतीतून निघतात ती फाटल्यास तो मरू शकतो. हॅलिकोइरीस प्रजातीतील काही रास मासे हे परजीवी टिपतात, तथापि माशांवर संपूर्ण भरवसा ठेवू नये. हेलियॅकस व ड्रुपेला चिमट्याने वेचावेत. व्हर्मेटिडाची नळी तोडून तिचे तोंड सायनोअॅक्रिलेट गोंदाने बंद करावे आणि पेटीतील अन्न कमी करावे. तांबेयुक्त औषधे कदापि वापरू नयेत. ती सर्वच अपृष्ठवंशी प्राण्यांना विषारी असून प्रवाळांचाही नाश करतात.

काढलेला जीव वा पेटीतील खडक समुद्रात, खाडीत वा गटारात टाकू नये. अमेरिकेतील फ्लॉरिडा कीज येथे २००९ साली हेतुतः बुडविलेल्या 'व्हँडेनबर्ग' या जहाजावर व्हर्मेटिडाची एक अपरिचित जाती आढळली. २०१७ साली थायलॅकोडिस व्हँडायेन्सिस या नावाने तिचे वर्णन झाले. ती तेथील मूळची नसून बहुधा पॅसिफिकमधून आली असावी, असे अभ्यासकांचे मत आहे. लहानशा शंखजीवाचे स्थलांतर दुसऱ्या महासागरात किती दूरगामी ठरू शकते, याची त्यावरून कल्पना यावी. नको असलेले जीव व खडक पूर्ण वाळवून कोरड्या कचऱ्यात टाकणे सुरक्षित होय.

आपल्या संदर्भात आणखी एक दायित्व आहे. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचीत २००१ साली खडकनिर्मिती करणारे प्रवाळ, महाशिंपल्यांच्या जाती व काही शंख समाविष्ट करण्यात आले. मालवणच्या सागरी अभयारण्यात प्रवाळ आहेत. ते पाहण्याचे आहेत, उचलून आणण्याचे नव्हेत. शंखजीवांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने ओहोटीच्या वेळी खडकाळ किनाऱ्यावर भिंग घेऊन बसावे. नेरिटा, टर्बो, सेरिथियम यांचे नमुने तेथे जागच्या जागी पाहता येतात आणि या लेखातील निरीक्षणपद्धती तेथेही जशीच्या तशी लागू पडते.

११. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) प्रवाळ मत्स्यालयातील आगंतुक शंखजीवांपैकी बहुसंख्य शैवलभक्षक व उपकारक असतात. घातक गट मोजके आहेत आणि त्यांतील प्रत्येकाचे पोषक वा भक्ष्य ठरलेले असते.

(२) रंग, आकारमान वा निनाल-खाच यांसारख्या एकाच लक्षणावरून केलेली ओळख अविश्वसनीय असते. कवच, झाकण, मृदू शरीर, जागा, वेळ व अन्न यांचा एकत्रित पुरावा आवश्यक आहे.

(३) 'तो कशावर सापडला?' हा प्रश्न 'तो कसा दिसतो?' या प्रश्नाइतकाच, पुष्कळदा अधिक महत्त्वाचा असतो. ज्या पेटीत शिंपले वा मोठे शंख नाहीत, तेथे पिरॅमिडेलिडांची भीती बाळगण्यास फारसा आधार नाही; ज्या पेटीत झोअँथस आहेत, तेथे सुंदर शंखाकडेही संशयाने पाहावे लागते.

(४) शंखजीवांची संख्यावाढ ही अतिरिक्त अन्नाची सूचना समजून मूळ कारणावर उपाय करावा.

(५) आगंतुक जीव व खडक निसर्गात सोडणे हे पर्यावरणीय दृष्ट्या अक्षम्य आहे.

तीन मिलिमीटरच्या जीवाला मारावे की राखावे, हा निर्णय क्षुल्लक वाटतो. परंतु त्या निर्णयामागे पुरावा गोळा करण्याची, एका लक्षणाला दुसऱ्याने ताडून पाहण्याची आणि पुरावा अपुरा असेल तेव्हा थांबण्याची जी शिस्त आहे, तीच वर्गीकरणशास्त्राची शिस्त होय. प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत बाटलीतील नमुन्यांच्या जोडीने अशा जिवंत निरीक्षणाला स्थान मिळाल्यास विद्यार्थ्यांना वर्गीकरण हा पाठांतराचा नव्हे, तर विचाराचा विषय वाटू लागेल.